मजुरी वेगळी

अनंत चतुर्दशीला दोन दिवस उरले होते. कसबा पेठेतल्या एका बोळात, मांडवामागच्या पत्र्याच्या आडोशाला, मी शाहिस्तेखानापुढे गुडघे टेकून बसले होते. त्याच्या जाम्याची नाडी तुटली होती. बाहेर निवेदकाचा ध्वनिमुद्रित आवाज चढत चालला होता आणि मिनिटभरात खानाला पलंगावर जाऊन निजायचं होतं. नाडी ओवायला वेळ नव्हता. तोंडात धरलेल्या दोन सेफ्टी पिना काढून जामा आतून टाचला, वरून शेला करकचून आवळला आणि खानाच्या पाठीवर थाप मारली. तो गेला. दिवे बदलले, तलवारी खणखणल्या, बोटं तुटली, आणि गर्दीतून नेहमीचा तो हुंकार आला. संध्याकाळपासूनचा तो सातवा खेळ होता.

हा प्रसंग खरोखर घडला तो एप्रिल १६६३ मध्ये, लाल महालात. आमच्या मांडवापासून लाल महाल चालत पाच मिनिटांवर. देखावा संपला की बाहेरगावची माणसं महाल कुठे म्हणून विचारतात, मंडळाची पोरं हात करून दाखवतात आणि लोक खरोखरच त्या दिशेला वळून बघतात. गेली काही वर्षं मी हे रोज रात्री पाहते, अजून त्याची सवय झालेली नाही.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: याला आम्ही जिवंत देखावा म्हणतो. दहा-पंधरा मिनिटांचं नाटुकलं, संवाद आधीच मुद्रित केलेले, आणि गर्दी सरकेल तसे एका रात्रीत सात-आठ खेळ. बऱ्याच मंडळांत कार्यकर्तेच हौसेनं उभे राहतात, काही ठिकाणी नाटकवाल्यांचा गट ठरवून बोलावतात. आमचा खान या दुसऱ्या प्रकारातला. वय तेवीस, लातूरकडचं गाव. चौघांत मिळून एक खोली, सकाळी दुचाकीवरून पार्सलं पोचवायची, दुपारी एकांकिकेची तालीम आणि या दहा दिवसांत रात्री खान. त्या रात्री मेकअप पुसता पुसता त्यानं विचारलं, "ताई, वर्षभर यावर जगता येतं का हो?"

मी म्हटलं, विसर्जन होऊ दे, मग सांगते. त्याला उत्तर देण्याआधी ते स्वतःशी नीट मांडावं म्हणून हा लेख.

मी वेशभूषाकार आहे. पंधरा वर्षं नाटकांचे कपडे करते. कापड निवडण्यापासून प्रयोगाच्या रात्री विंगेत उभं राहून हूक लावण्यापर्यंत सगळं. नोकरी नाही. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर माझी खोली आहे: एक शिलाई मशीन, तीन ट्रंका, इस्त्री आणि एक वही. वहीत तारखा असतात. तोंडी ठरलेली तारीख पेन्सिलीनं आणि आगाऊ रक्कम हातात आली की त्याच तारखेवर पेन. पंधरा वर्षांच्या वह्या उघडल्या तर पेन्सिलच जास्त दिसेल.

वर्ष कसं जातं ते सांगते. गणपतीत देखावे. मग पितृपक्ष. त्या पंधरवड्यात नव्या नाटकाचा नारळ सहसा कुणी फोडत नाही, त्यामुळे पान कोरं. दिवाळीनंतर नाटकांना पुन्हा गर्दी होऊ लागते. डिसेंबर-जानेवारी शाळांच्या स्नेहसंमेलनांचा. चाळीस कोळणी, पंचवीस शेतकरी, दहा मावळे, सगळे वेगवेगळ्या उंचीचे. हे काम करताना नाक मुरडणारे कलावंत मला माहीत आहेत. मी मुरडत नाही, कारण त्या दोन महिन्यांवर माझं मार्चपर्यंत भागतं. फेब्रुवारी-मार्चला परीक्षा, नाटकं पातळ होतात. मे महिना बालनाट्यांचा आणि शिबिरांचा. जून-जुलै सगळ्यांत अवघड. आणि पावसाळा सरता सरता 'पुरुषोत्तम'. महाराष्ट्रीय कलोपासकांनी १९६३ मध्ये सुरू केलेली ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. तिथे पैसा नाही, पण आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच आलेला. मी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत पहिल्यांदा उभी राहिले ती त्याच स्पर्धेत. बाहेर आपल्या कॉलेजच्या नावानं आरोळ्या चालल्या होत्या आणि मी अंधारात एका मुलीच्या नऊवारीचा कासोटा धरून होते.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत इथलं, मानाचा पहिला गणपती इथला. पण मला इथे राहावंसं वाटतं ते वेगळ्या कारणानं. ही कारागिरांची पेठ आहे. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा: नावं वाचली तरी कोण कशावर जगत होतं ते कळतं. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची घरं अजून आहेत. हातोडे कमी झाले, पण सकाळी आळीतून गेलं की ठोके ऐकू येतात. घडवलेल्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठसे उमटवत जायचं, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, भांड्याला ताकद येते. एका घंगाळ्यावर शेकडो ठोके, आणि एक चुकला तर ओळखू येतो.

एकदा एका ऐतिहासिक नाटकासाठी तांब्याचं तबक करून घ्यायला मी आळीत गेले होते. तिथल्या तांबटकाकांनी तबक काट्यावर ठेवलं, वजन सांगितलं, तांब्याचा भाव सांगितला, गुणाकार केला. मग त्याच आवाजात म्हणाले, "मजुरी वेगळी." आणि आकडा सांगितला. ना आढेवेढे, ना संकोच.

मी ते तबक छातीशी धरून घरी आले आणि बराच वेळ गप्प बसून राहिले. दहा वर्षं नाटकात काम करून तो शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. आमच्याकडे त्याला मानधन म्हणतात. मानधनात मान आधी येतो आणि धन मागून, कधी कधी बरंच मागून. कापडाचं बिल निर्माता मुकाट देतो, कारण ते दुकानदाराचं असतं. माझ्या हाताचं विचारलं की नाटक उभं राहू दे, मग बघू.

ही सवय कुठून आली? निर्मात्यांना बोल लावून भागणार नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा याच पेठांच्या आसपास घडला आहे.

नाटक कंपन्यांच्या काळात नट पगारी होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं, आणि त्यानंतर पन्नासेक वर्षं मंडळी म्हणजे एक चालतं-फिरतं बिऱ्हाड होतं. पगार कमी-जास्त, पण जेवणाची पंगत एक. कपडेपट सांभाळणारा माणूसही त्या पंगतीला असे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली. तिच्या वैभवाच्या कथा आपण ऐकतो, तिच्या कर्जाच्याही ऐकतो. १९३१ मध्ये बोलपट आला, १९३३ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि कंपन्या एकामागून एक मिटत गेल्या. पगार गेला, पंगत गेली. पुढे ठेकेदार आले, ठरावीक नट जमवून खेळ लावू लागले, आणि 'नाइट' हा शब्द रुजला. एका प्रयोगाचे पैसे म्हणजे नाइट. प्रयोग झाला तर नाइट, नाही तर नाही. आज आम्ही ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतो त्याचं मूळ हे आहे.

पुण्यात मात्र याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा, म्हणजे पीडीएचा. पुढे त्यातलीच मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर ॲकॅडमी स्थापन झाली. आता या माणसांचे व्यवसाय बघा. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचे संशोधक. मराठी रंगभूमी जगाच्या नकाशावर नेणारं नाटक दिवसा दवाखाना आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माणसांनी केलं. त्यांच्या आगेमागे बँकांतली, विमा कंपनीतली, सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी माणसं सहा वाजता सही करून सात वाजता तालमीला उभी राहत. त्यांच्या रजा संपत, बढत्या हुकत. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये शल्यचिकित्सेचा जम बसलेला व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटक पत्करलं, त्याची आठवण लोक अजून का काढतात? कारण तसं करणारे विरळा होते.

त्या पिढीबद्दल मला नितांत आदर आहे. पण एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. पुण्याचं प्रायोगिक नाटक दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावर चाललं. बँकेनं, महाविद्यालयानं, घरातल्या नोकरी करणाऱ्या बायकोनं ते पोसलं. त्यामुळे नाटकाचा खरा खर्च कधी मांडलाच गेला नाही. हॉलचं भाडं, लाकूड, कापड, टेम्पो, चहा एवढं मोजलं की हिशेब पूर्ण. माणसाचे तास त्यात नसत, कारण ते हौसेचे असत.

आता तो आधार राहिलेला नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. तिथून आणि इतर ठिकाणांहून दर वर्षी मुलं नाटक शिकून बाहेर पडतात, नांदेड, सोलापूर, जळगावहून येतात. नाटक हाच त्यांचा धंदा आहे. त्यांच्यामागे बँकेची नोकरी नाही, वाड्यातली स्वतःची खोली नाही. हिशेबाची रीत मात्र जुनीच.

हा हिशेब करून बघू. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की कर बसतो. म्हणून बहुतेक निर्माते पाचशेला थांबतात. बालगंधर्व रंगमंदिराची ९८९ आसनं सगळीच्या सगळी पाचशेला विकली गेली, असं धरलं तरी एका प्रयोगाचे पाच लाख होत नाहीत. आणि सगळी तिकिटं पाचशेची कधीच नसतात. त्यातून जाहिरात, भाडं, प्रवास, मुख्य नटांच्या नाइट. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत तर शंभर-दीडशे प्रेक्षक. तिथे नाटक करणारा गट माझी फसवणूक करत नसतो, त्यांच्याकडे खरोखरच नसतात. म्हणून मी वर्षाला दोन नाटकं जवळजवळ फुकट करते. ती कोणती, हे मात्र मी ठरवते.

फसवणूक वेगळी असते, तीही झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ऐतिहासिक नाटकाचे चौतीस पोशाख केले. सहा प्रयोगांत नाटक बंद पडलं. कापडाचे निम्मे पैसे आले, माझे आलेच नाहीत. पण शिंपी आळीतल्या दोन कारागिरांनी माझ्या शब्दावर रात्री जागून शिलाई केली होती. त्यांना नाटक पडलं म्हणून सांगणार कशी? भावाकडून उसने घेऊन त्यांचे चुकते केले आणि ते फेडायला अकरा महिने लागले. चूक माझीही होती: आगाऊ रक्कम न घेता मी पेन्सिलीवर शिवायला बसले होते.

प्रकाशयोजना करणारा माझा एक मित्र आहे. त्याचं दुखणं आणखी वेगळं. मुख्य नटाचं मालिकेचं चित्रीकरण लांबलं की आदल्या दिवशी प्रयोग रद्द होतो. त्या तारखेसाठी त्यानं दुसऱ्या गटाला नाही म्हटलेलं असतं. नाइट बुडते ती दोन्हीकडची. वर जे पैसे बिलावर येतात त्यातले दहा टक्के टीडीएस म्हणून कापलेले, ते परत मिळायला पुढचं वर्ष उजाडतं. घरासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा पगाराची पावती मागितली. तिच्याऐवजी त्यानं नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं नेली होती.

पुणे जिल्ह्यातच नारायणगावला तमाशाची पंढरी आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन जत्रांच्या सुपाऱ्या ठरवतात. तिथल्या कलावंताला हंगामाआधी उचल मिळते. त्या उचलीनं माणसं फडाशी बांधली जातात, कधी कधी वर्षानुवर्षं ती फिटत नाही. त्यातलं दुःख मी कमी लेखत नाही. पण फडमालकाला एवढं तरी ठाऊक असतं की कलावंताच्या घरी पावसाळ्यात चूल पेटायला हवी. आमच्याकडे बांधिलकी नाही तशी उचलही नाही. सुटे आहोत, म्हणजे सगळ्या अंगांनी सुटे.

हे सगळ्यांना दिसलं ते मार्च २०२० मध्ये. करोनामुळे नाट्यगृहं बंद झाली, ५ नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेनं उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा अर्धी. दीड वर्ष वहीत पेन नाही आणि पेन्सिलही नाही. मी ट्रंकांमधलं मांजरपाट काढून मास्क शिवले. नाटकाच्या बसचे चालक भाजी विकत होते. त्या काळात ज्यांनी शहर सोडलं त्यांतले काही परत आले नाहीत, आणि त्यांत दोघं असे होते की ज्यांच्याइतकं सफाईनं नेपथ्य लावणारं मला अजून भेटलेलं नाही.

एका काकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर कपडेपट सांभाळला. पगडीला खळ कशी द्यायची, घामाचा डाग जरीला धक्का न लावता कसा काढायचा, हे मला त्यांनी शिकवलं. ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. २०२४ पासून महिना पाच हजार मिळतात. काकांचा अर्ज भरायला मी बसले. कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडायचे होते. काकांनी पत्र्याची पेटी उघडली. आत एकही कात्रण नव्हतं, कपडेपटवाल्याचं नाव जाहिरातीत कोण छापणार? होती ती कपड्यांच्या याद्यांची चिठोरी. दौऱ्यातल्या प्रत्येक गावाची एक: अमुक शालू, तमुक शेला, परत आला, फाटला, रफू केला. चाळीस वर्षांची. आम्ही तीच क्रमानं लावली, वर एका जुन्या नटाचं पत्र जोडलं आणि अर्ज दिला. काय होईल ते होवो, त्या याद्या मी झेरॉक्स काढून माझ्याकडेही ठेवल्या आहेत.

मग करायचं कशाला हे सगळं?

मागच्या हिवाळ्यात एका छोट्या रंगमंचावर एक नाटक करत होते. एकच नटी आई आणि मुलगी दोन्ही करते. मधे चाळीस सेकंदांचा अंधार. तेवढ्यात फिकट सुती लुगडं जाऊन मुलीचा कुडता यायला हवा. मोठ्या नाट्यगृहात मी सरळ वेलक्रो लावते, एक ओढ की कपडा हातात. पण शंभर माणसांच्या खोलीत अंधार पडला की वेलक्रोचा तो फर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि आई मेल्याच्या क्षणी तो आवाज म्हणजे सगळं नाटक मातीत. हूक आवाज करत नाहीत, पण थंड बोटांना अंधारात सापडत नाहीत. चार दिवस मी टिचबटणांवर घालवले. टिचबटणाचाही टक असा आवाज होतो. शेवटी दोन कापडांच्या मधे जुन्या धुतलेल्या धोतराचा एक पदर घातला, बटणं त्यावर शिवली, आणि तो टक गिळला गेला. लुगडं शिवून घेतलं, पाठीशी उघडणारं, आतला कुडता आधीच अंगात.

पहिल्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली तेव्हा माझे हात गार होते. अंधार झाला. ती विंगेत आली, पाठ माझ्याकडे केली. वरून खाली पाच बटणं, बोटांनी मोजत. लुगडं पायाशी पडलं, ते तिनं ओलांडलं, मी केसांचा अंबाडा सोडला, आणि ती गेली. दिवा आला तेव्हा समोर वीस वर्षांची मुलगी बसली होती. प्रेक्षागृहातून कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज मला विंगेत ऐकू आला. अंधारात ते उबदार लुगडं छातीशी धरून मी उभी होते. त्या क्षणी मला जगातली कुठलीही नोकरी कुणी देऊ केली असती तरी मी ती घेतली नसती.

हा आनंद मोठा आहे. महिन्यात तीन वेगळ्या काळांत राहता येतं. सोमवारी अठराव्या शतकातली बाराबंदी, गुरुवारी आजच्या पोरांची फाटकी जीन्स. भर दुपारी शिंपी आळीत बसून कारागिराशी एका बाहीवरून वाद घालता येतो. जे नाटक खोटं वाटतं त्याला नाही म्हणता येतं. प्रयोग सुटतो तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. सामान रिक्षात घालून, शनिवारवाड्याच्या कडेनं, झोपलेल्या कसब्यात शिरताना दिवसाचं काम दिवसात पुरं झाल्याचं जे समाधान असतं, ते माझ्या नोकरदार बहिणीला मी अजून समजावून सांगू शकलेली नाही.

पण या आनंदाचा हवाला देऊन मजुरी बुडवायची रीत मला मान्य नाही. तांबटकाकांना तांबं ठोकण्यात आनंद नसतो असं थोडंच आहे? मठारलेल्या भांड्यावरून ते हात फिरवतात तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिलेला आहे. तरी ते मजुरी वेगळी लावतात. ती लावली म्हणून तबकाची चमक कमी झाली नाही.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आमचा खान वाड्याचा जिना चढून वर आला. जामा धुऊन, घडी करून, पिशवीत घालून आणला होता. तुटलेली नाडीही त्यानं नवी ओवली होती, उलट्या बाजूनं, पण ओवली होती. मी चहा टाकला. मशीनवर वही उघडी होती. पितृपक्षाची पानं कोरी, पुढे नोव्हेंबरात एक नाटक, बारा प्रयोग, विंगेत कपडेबदलाला आणखी एक माणूस लागणार.

"ताई, काम असेल तर काहीही करीन," तो म्हणाला. "पैशाचं नंतर बघू."

मी वही त्याच्याकडे फिरवली. नाटकाचं नाव सांगण्याआधी एका प्रयोगाचा आकडा सांगितला, प्रयोग रद्द झाला तर किती ते सांगितलं, आणि आगाऊ रक्कम माझ्या पाकिटातून काढून त्याच्या हातात ठेवली. मग पेन उघडलं आणि त्याला पहिली तारीख विचारली.